ओवी कुणाच्या तोंडी? एका परिच्छेदावरचे भाष्य

भाष्याला आधी मूळ लागते. खालचा परिच्छेद मी या भाष्यासाठीच रचला आहे; तो कुठल्या छापील कथेतला नाही. लौकिक कथेत धर्मग्रंथाचे वचन कसे यावे, हा प्रश्न हवेत चर्चिला की दोन्ही बाजूंची ठराविक वाक्ये तेवढी ऐकू येतात. वाक्य समोर ठेवले की बोलण्याला धार येते. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातले, पाटोदा-शिरूरकडचे कुठलेही गाव डोळ्यांसमोर आणावे. दसरा तोंडावर आला आहे, ऊसतोडीच्या टोळ्या ठरताहेत आणि देवळात अखंड हरिनाम सप्ताह चालू आहे.

मूळ

(१) सप्त्याच्या सातव्या दिवशी मुकादमानं उचलीची वही देवळाच्या ओसरीतच उघडली. (२) आत अठरावा अध्याय लागला होता. वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली. (३) खांबाला टेकून बसलेल्या बाईला वाचता येत नव्हतं, पण वाचणारा कुठं अडखळला ते तिला बाहेर बसून कळत होतं. (४) “अवो, किती उचलले?” तिनं नवऱ्याला विचारलं. (५) नवऱ्यानं आकडा सांगितला नाही. फळाची आस सोडावी ही सकाळीच ऐकलेली ओवी तो म्हणायला लागला आणि अर्ध्यात अडला. (६) मुकादमानं वहीतून मान वर न काढता उरलेली अर्धी पुरी केली, कर्म सोडू नये ही, अक्षरन् अक्षर बरोबर. (७) “आपुन फळाची आस सोडायची, आन् साखर कुणाच्या पोत्यात?” बाई म्हणाली. (८) मग तिनंही वहीवर अंगठा उठवला आणि ती पंगतीत जाऊन बसली. (९) त्या दिवशीचं अन्नदान मुकादमाचं होतं.

भाष्य

(१) ‘सप्त्याच्या सातव्या दिवशी…’

उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून कोयत्यामागे घेतलेली आगाऊ रक्कम, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती रक्कम पुढे फडात मोळ्या बांधून फेडायची असते. या वाक्यातला कळीचा शब्द मात्र ‘ओसरीतच’ हा आहे, आणि त्यातला ‘च’ नको होता असे म्हणणारे वाचक भेटतील. पवित्र जागी अपवित्र व्यवहार, असा विरोध लेखकाला सुचवायचा आहे की काय, ही त्यांची शंका. शंका रास्त आहे. गावातल्या देवळाची ओसरी ही गावाची बैठक असते. तिथे भांडणे मिटतात, सोयरिकी ठरतात, मतांची गणिते होतात. वही तिथे उघडली यात गावाला काही वावगे दिसणार नाही. ‘च’ हा शहरातून आलेल्या डोळ्याचा आहे. तरी मी तो ठेवतो, कारण इथे व्यवहार ग्रंथाच्या कानावर पडेल इतक्या अंतरावर होतो, हे पुढच्या सगळ्या वाक्यांना लागणार आहे.

लौकिक कथेत धर्मग्रंथ ‘आणायचा’ असे आपण म्हणतो तेव्हा तो बाहेरून आणायचा असे गृहीत धरतो. बीड जिल्ह्यात हे गृहीतक टिकत नाही. ज्यांच्या ‘विवेकसिंधू’चा काळ परंपरा शके १११०, म्हणजे इ.स. ११८८ असा सांगते, त्या मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला. सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ लिहिणारे दासोपंत तिथलेच. मांजरसुंब्याजवळ कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे आणि त्यांच्या ‘परमरहस्या’ची पारायणे मराठवाड्यातल्या वीरशैव घरांत आजही होतात. आष्टी तालुक्यातल्या वाहिऱ्याशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते शेख महंमद ‘योगसंग्राम’ मराठीत लिहून गेले. एका जिल्ह्यात इतके ग्रंथ, इतके पंथ. इथल्या कथाकाराला धर्मग्रंथ टाळायचाच असेल तर त्यालाच जास्त खटपट करावी लागेल.

(२) ‘आत अठरावा अध्याय लागला होता…’

नुसता आकडा दिला आहे, ग्रंथाचे नावसुद्धा नाही. वारकरी मुलखात ‘अठरावा लागला’ म्हटले की पुरे. पण आकडा बरोबर हवा. सात दिवसांच्या पारायणात अठरावा अध्याय शेवटी येतो; सप्त्याच्या दुसऱ्या दिवशी तो लावला असता तर गावचा कुठलाही टाळकरी कथा तिथेच मिटून ठेवील. अठराशेंहून अधिक ओव्यांचा हा ज्ञानेश्वरीतला सगळ्यांत मोठा अध्याय. त्याच्या आरंभीच अर्जुनाचा प्रश्न येतो: संन्यास कशाला म्हणायचे आणि त्याग कशाला? उत्तराचा गाभा असा की विहित कर्म टाकू नये, फळाची आसक्ती टाकावी. पाचव्या आणि सहाव्या वाक्यांत जे घडते त्याची मुळी इथे आहेत. नववा किंवा बारावा अध्याय लावला असता तर वातावरण तेच राहिले असते, कथा राहिली नसती. वातावरणासाठी ग्रंथ वापरणे हा आळस आहे, आणि तो ग्रामीण कथेत फार झाला. पहाट झाली की काकडा, तिन्हीसांज झाली की हरिपाठ.

वीणा अखंड असते. सप्त्यात ती खाली ठेवत नाहीत; पहारे लावलेले असतात, एकाचा पहारा संपला की दुसऱ्याच्या गळ्यात ती जाते. इथे अर्ध्या वाक्यात ते उरकले आहे, तेवढेच ठीक.

(३) ‘खांबाला टेकून बसलेल्या बाईला…’

या बाईला नाव दिलेले नाही; वहीत तिच्या अंगठ्यापुढे ते असेलच.

निरक्षर बाई आणि ग्रंथ यांची भेट मराठी कथेत दोनच तऱ्हांनी होते. एक तर ती भाबडी असते आणि तिच्या भाबडेपणापुढे लेखक नतमस्तक होतो, किंवा ती फसलेली असते आणि लेखक तिला जागी करतो. दोन्हीकडे तिला ग्रंथ कळत नाही हे धरलेलेच असते. इथे तिला ठेच कळते. वर्षानुवर्षे ऐकून ओवीची चाल कानात बसलेली असते, साडेतीन चरणांतला कुठला लांबला, कुठला खुंटला हे कानाला समजते. हे ज्ञान अर्थाचे नसेल, पण ज्ञान आहे. दासोपंतांनी ‘पंचीकरण’ सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर, पासोडीवर, लिहिले. अंबाजोगाईतली ती पासोडी पाहिली की ग्रंथ हा नुसता वाचायचा प्रकार नव्हता, पाहायचा, ऐकायचा, जवळ बसायचा प्रकार होता, हे ध्यानात येते.

दस्तयेव्हस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’त सोन्या रास्कोलनिकोव्हला लाझारसच्या पुनरुत्थानाची कथा बायबलमधून वाचून दाखवते. जगातल्या कादंबऱ्यांत धर्मग्रंथाचा इतका दीर्घ आणि इतका उघड वापर क्वचितच झाला असेल. पण तिथे आपण लाझारसकडे पाहत नाही. सोन्याच्या आवाजाकडे पाहतो: तो कुठे कापतो, कुठे अडतो, हे वाचन तिच्यासाठी किती खासगी आहे आणि तो माणूस ते तिच्याकडून कसे ओढून काढतो. वचन जुनेच असते; कथेत नवी असते ती ते उच्चारताना पडलेली फट. तिसऱ्या वाक्यातले ‘अडखळला’ हे क्रियापद त्यासाठी आहे. पुढे पाचव्यात नवरा अडणार आहे, आणि त्याची फट तिला आधीच ऐकू येणार आहे.

(४) ‘अवो, किती उचलले?’

परिच्छेदातले सगळ्यांत साधे आणि सगळ्यांत महत्त्वाचे वाक्य. यावर भाष्य नको. कोयत्यातला अर्धा भाग तिचा आहे, म्हणून प्रश्न तिचा आहे, इतकेच.

(५) ‘नवऱ्यानं आकडा सांगितला नाही…’

ओवी छापलेली नाही. ती छापावी असा सल्ला कुणीही संपादक देईल, आणि तो मोडावा असे माझे मत आहे. ज्ञानेश्वरीची ओवी परिच्छेदात अवतरली की वाचकाचा आवाज बदलतो. तो मनातल्या मनात चाल लावतो, मान तुकवतो किंवा नाक मुरडतो. एवढ्या अवधीत नवरा-बायको-मुकादम हा त्रिकोण विस्कटतो. सातशे वर्षे मुरलेल्या शब्दांपुढे आजच्या कथेतल्या गड्याचे शब्द फिके पडणारच. म्हणून ओवीचा उल्लेख करावा आणि ती वाचकाच्या कानात त्याची त्याला वाजू द्यावी. ज्याला ती पाठ आहे त्याला पुरी ऐकू येईल. ज्याला पाठ नाही त्याला एवढे कळेल की नवरा प्रश्न चुकवतो आहे, आणि तेवढे कथेला पुरते.

इथे कीर्तन आणि कथा यांची फारकत होते. वारकरी कीर्तनात महाराज एक अभंग निरूपणाला घेतात आणि त्याच्या पुष्टीला इतर संतवचने देतात. त्याला प्रमाण देणे म्हणतात. प्रमाण दिले की मुद्दा सिद्ध झाला, टाळ-मृदंग वाजला, पुढे चला. कथेत वचन प्रमाण म्हणून आले की कथा मेली. तिथे ते कृत्य म्हणून यावे लागते: कुणीतरी, कुणालातरी, कशासाठीतरी ते उच्चारले. नवरा ओवी म्हणतो ती आकडा लपवण्यासाठी. कीर्तनात जी ओवी वाद मिटवते ती कथेत वादाला तोंड फोडते. ज्या जागी वचन काढून घेतले तरी पात्राचे काही अडत नाही, तिथे ते लेखकाने स्वतःच्या हौसेने घातलेले असते.

या कसोटीला कादंबरीच्या आरंभी दिलेली वचने बहुतेक वेळा उतरत नाहीत. ती कुणाच्याच तोंडी नसतात. शीर्षकाची गोष्ट जरा निराळी. चिं. त्र्यं. खानोलकरांनी विष्णुदास नामाच्या गवळणीतून ‘रात्र काळी घागर काळी’ हे नाव उचलले तेव्हा गवळणीतला लडिवाळ काळा रंग कादंबरीभर पसरून भीतिदायक झाला. उसनवारीने मूळ शब्दांचे वजनच बदलले. विश्राम बेडेकरांच्या ‘एक झाड आणि दोन पक्षी’ला मुंडकोपनिषदातली प्रतिमा नावापुरती मिळाली, पण त्या आत्मचरित्रात स्वतःकडे तिऱ्हाइतासारखे पाहणारा निवेदक असल्यामुळे ती आतपर्यंत पोचली. असे क्वचित साधते. एरवी पहिल्या पानावरचे वचन म्हणजे लेखकाने स्वतःच्या पुस्तकाला दिलेले प्रशस्तिपत्र.

आता नवऱ्याच्या चुकण्याविषयी. पात्राने वचन चुकीचे म्हटले की दोन्हीकडून आक्षेप येतात: भाविक म्हणतात विटंबना केली, अभ्यासक म्हणतात लेखकाला पाठ माहीत नाही. पाठाचा इतिहास मात्र इतका सोवळा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती पाठांतरे माजली होती म्हणूनच, आणि शेवटी बजावून ठेवले की यापुढे यात कुणी स्वतःची मराठी ओवी घालील तर ती अमृताच्या ताटात ठेवलेली नरोटी समजावी. पुढे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना एकनाथपूर्व वळणाची वाटलेली प्रत मिळाली ती बीडच्याच पाटांगणावर; १९०९ साली त्यांनी ती छापली आणि शुद्ध पाठ कोणता यावर नवा वाद उभा राहिला. पंडितांच्या दोन पोथ्या जुळत नाहीत तिथे ऊसतोड्याची जीभ अडली तर आभाळ कोसळत नाही. एकनाथांची ताकीद ताटात भर घालणाऱ्याला आहे. कथाकार ताटातले काही नेतो, भर घालत नाही.

पण चूक नेमकी हवी. नवऱ्याला आठवते ते फळ सोडण्याचे अर्धुक, कारण त्याला आकडा बाजूला सारायचा आहे. विसरतो ते कर्म न सोडण्याचे. विसरण्यातही माणसाचा स्वार्थ असतो, आणि लेखकाला हात घालायचा असतो तो तिथे.

(६) ‘मुकादमानं वहीतून मान वर न काढता…’

अक्षरन् अक्षर बरोबर. या परिच्छेदात ग्रंथ सगळ्यांत चांगला येतो तो मुकादमाला, आणि याने काही वाचक दुखावतील. दुष्टाच्या तोंडी शुद्ध वचन घालून लेखकाने ग्रंथ दुष्टाच्या पदरात टाकला, असे ते म्हणतील. पण मुकादम इथे दुष्ट आहे असे कुठल्या वाक्यात म्हटले आहे? बहुतेक मुकादम कधीकाळी कोयत्यातलेच असतात, त्याच गावचे, त्याच सप्त्यात टाळ धरून वाढलेले. कारखान्याकडून पैसा उचलून टोळीला वाटणारा हा मधला माणूस स्वतःही उचलीतच असतो. त्याने ढोंग केले असते तर ओवी इतकी सहज आली नसती. ती त्याची आहे, आणि त्याच्या उपयोगाचीही आहे. कर्म सोडू नये हे त्याला फडावर माणसे टिकवण्यासाठी हवे आहे. नवऱ्याने आपल्या सोयीचे अर्धुक घेतले, मुकादमाने आपल्या सोयीचे. दोघांनी मिळून ओवी पुरी केली आणि दोघांनीही तिचा उपदेश मोडला.

तोंड निवडणे ही मराठीत जुनी कला आहे. गोदाकाठच्या पैठणला एकनाथांनी भारुडांत वेदान्त जोगवा मागणारीच्या, महाराच्या, वेड्याच्या, बहिऱ्याच्या तोंडी घातला. तिथे बोलणारा कोण यानेच बोललेल्याला चव आली. कादंबरीची सुरुवात मात्र उलट टोकाला झाली. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’त (१८५७) विधवांची दैना सांगताना बायबल येते ते वाद जिंकण्यासाठी, आणि शेवटी यमुना ख्रिस्ती होते. ती कादंबरी प्रमाण देते, कीर्तनासारखेच. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने (१९७२) भजन आणि लावणी एकमेकांत मिसळून ब्राह्मणांच्या रांगेकडून गाऊन घेतली, आणि हरिनाम हे पडदा म्हणून कसे वापरता येते ते रंगमंचावर दाखवले. त्यावर झालेला गदारोळ मुख्यतः नाना फडणविसांवरून झाला. नामाचा तो वापर अनेकांना बोचला नाही, याचे मला अजून नवल वाटते.

(७) ‘आपुन फळाची आस सोडायची…’

हे वाक्य टाळी घेणारे आहे, म्हणून संशयास्पद आहे. टाळी घेणारे वाक्य पात्राचे की लेखकाचे हे तपासावेच. बाईच्या बाजूने एवढे म्हणता येईल की तिने सात दिवस ऐकले आहे, आकडा विचारून तिला उत्तर मिळालेले नाही, आणि ती ग्रंथाला नाही तर समोरच्या दोन पुरुषांना बोलते आहे. ‘फळ’ हा शब्द तिने त्यांच्याकडूनच घेतला आणि साखरेपर्यंत नेला. फडातून निघालेले फळ ते हेच.

याने भावना दुखावतात का? कायद्याची भाषा पाहू. भारतीय दंड संहितेत २९५-अ हे कलम १९२७ साली आले, लाहोरच्या ‘रंगीला रसूल’ प्रकरणानंतर; १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ मध्ये आहे. बुद्धिपुरस्सर आणि द्वेषमूलक हेतू हा तिचा कणा, आणि १९५७ साली रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवले ते या कण्याच्या आधारावर. पण हेतू कुणाचा? पात्राचा असू शकतो, लेखकाचा तो असेलच असे नाही. वसंत दत्तात्रय गुर्जरांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेच्या प्रकरणात २०१५ साली न्यायालय शेवटी तोंडापाशीच आले: इतिहासातल्या आदरणीय व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घालण्याची मोकळीक कवीला नाही, असे ते म्हणाले. तो निर्णय मला साहित्याच्या दृष्टीने तोकडा वाटतो. तरी कुठल्या जागी धोका आहे हे त्याने नेमके दाखवले.

आनंद यादवांच्या ‘संतसूर्य तुकाराम’चे प्रकरण याच जागेवर घडले. वारकऱ्यांच्या रोषामुळे कादंबरी मागे घेतली गेली, यादवांनी महाबळेश्वरच्या २००९च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सोडले आणि संमेलन अध्यक्षाविना झाले. त्या वादात वचनांचा वापर आणि संताला पात्र करणे या दोन गोष्टी सगळ्यांनीच एकत्र कालवल्या. ओवी कुणाच्या तोंडी देता तेव्हा ओवी जिथे होती तिथेच राहते. उघडे पडते ते पात्र. संताला पात्र करता तेव्हा अभंगातल्या ‘मी’ला जन्म, तारुण्य, देह, घर द्यावे लागते आणि भक्ताने मनात जपलेल्या मूर्तीशी थेट गाठ पडते. हक्क दोन्हींचा आहे असे मी मानतो, पण जोखीम एक नाही. सातव्या वाक्यातली बाई ज्ञानेश्वरांच्या तोंडी काही घालत नाही. ती उत्तर देते.

(८) ‘मग तिनंही वहीवर अंगठा उठवला…’

‘मग’ म्हणजे लगेच. बोलून दाखवले म्हणून उचल टळत नाही. घरची देणी असतात, पोरांच्या फिया असतात, मागच्या हंगामाची बाकी तर असतेच.

पंगतीत बसणे हे पुरोगामी कथाकाराला खटकेल. तिने ताटावरून उठावे, निदान ओसरी उतरून जावे, अशी त्याची अपेक्षा असणार. भाविक वाचकाला उलट ते आवडेल: बघा, शेवटी आलीच प्रसादाला. दोघेही तिच्या बसण्याला मत समजतात. सप्त्याची पंगत सगळ्या गावाची असते, दोन दिवसांनी कोपीत चूल मांडायची आहे आणि आज आयता भात-आमटी-बुंदी आहे. तिची श्रद्धा किती, हे लेखकाने सांगितलेले नाही, आणि मला वाटते त्याला ठाऊकही नसावे. लौकिक कथेचा लौकिकपणा पात्राला नास्तिक करण्यात नसतो. पात्राच्या आणि देवाच्या मधल्या हिशेबात निवेदकाने लुडबुड न करण्यात असतो.

(९) ‘त्या दिवशीचं अन्नदान मुकादमाचं होतं.’

सप्त्यात रोजची पंगत कुणाची ते आधीच ठरलेले असते. फळ्यावर नाव लागते, ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाते, महाराज नारळ देऊन सत्कार करतात. म्हणजे ही बातमी पंगतीतल्या प्रत्येकाला आधीपासून माहीत होती, वाचक सोडून. बाईलाही माहीत होती. सातवे वाक्य ती ज्याच्या तोंडावर बोलली त्याच्याच पैशाचा भात ती खाते आहे, आणि तो पैसा कुठल्या फडातून आला हे तिने आत्ताच विचारले आहे. या वाक्यात ओवी नाही, संत नाही, देवाचे नावही नाही. अठराव्या अध्यायाचा प्रश्न मात्र इथे उघडा पडतो: हे दान फळ सोडणे म्हणावे, की फळाची पेरणी? उत्तर मुकादमाच्या वहीत नाही आणि पुढे दहावे वाक्य लिहून ते द्यायचा मोह लेखकाने आवरला आहे.